रात्रीचा पहारा

माझा नातू पुस्तके वाचतो. हल्लीच्या दिवसांत एवढे सांगितले तरी ऐकणारा कौतुकाने मान डोलावतो; पण तो काय वाचतो हे सांगितले की डोलणारी मान मध्येच थांबते. त्याच्या साऱ्या पुस्तकांची गोष्ट, माझ्या मते, एकच आहे. एका मोठ्या शहरात एक साधासुधा पोरगा असतो. आगगाड्या, दुकाने, रहदारी सारे काही आपल्यासारखेच. फक्त त्या रहदारीच्या आड दुसरेच एक शहर दडलेले असते आणि त्यात चेटके, पिशाच्चे, मांत्रिक नांदत असतात. जगावर अंधार चाल करून येत असतो. आणि एके दिवशी त्या पोराला कळते की अंधाराशी झुंजण्यासाठी आपलीच निवड झालेली आहे. मग सहाशे पाने तो झुंजतो.

आमच्या लहानपणी हे काम बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार करीत असे. त्याला कोणी निवडलेले नव्हते. तो आपण होऊन यायचा आणि काम आटोपून मोकळा व्हायचा.

“निवड करतो कोण रे?” मी एकदा नातवाला विचारले.

“नियती,” तो पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला.

आता, पस्तीस वर्षे मी एका सरकारी कचेरीत परवान्यांच्या टेबलावर काढली आहेत. नियतीवर माझा विश्वास नाही असे नाही. पण निवड म्हटली की तिच्यामागे मला एक टेबल, एक पेन आणि एक माणूस दिसू लागतो. हे मी त्याला बोलून दाखवले असावे, कारण गेल्या हिवाळ्यात ठाण्याहून आला तेव्हा त्याने एक जाडजूड पुस्तक माझ्या उशाशी ठेवले. “आजोबा, हे तुम्ही वाचाच. ह्यात पिशाच्चांनासुद्धा परवाना काढावा लागतो.”

सेर्गेई लुक्यानेंको ह्या रशियन लेखकाची ती कादंबरी. मूळ रशियन पुस्तक १९९८ सालचे; २००४ मध्ये त्यावर चित्रपट निघाला, आणि अँड्र्यू ब्रॉमफील्डने केलेले इंग्रजी भाषांतर २००६ मध्ये आले, ते माझ्या हातात होते. नाव मराठीत सांगायचे तर ‘रात्रीचा पहारा’. लेखक मूळचा कझाकस्तानातला आणि शिक्षणाने मानसोपचाराचा डॉक्टर. रशियाशी माझी ओळख तशी जुनी. पुण्याला शिकत असताना लोकवाङ्मय गृहाची स्वस्त आणि पक्क्या बांधणीची रशियन पुस्तके मी पैसे साठवून घेत असे. गॉर्की मला तिथेच भेटला. त्या पुस्तकांतल्या माणसांना आपली बाजू कोणती हे पक्के ठाऊक असे. ह्या पुस्तकातले मॉस्को १९९१ मध्ये सोव्हिएत राज्य बुडाले त्यानंतरचे. भुयारी रेल्वे तीच, चाळीसारख्या उंच उंच इमारती त्याच. पण कोणत्या बाजूने उभे राहावे हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

कल्पना मोठी मौजेची आहे. प्रकाशाची माणसे आणि अंधाराची माणसे पूर्वी एकमेकांशी प्राणपणाने लढली. लढता लढता असे दिसून आले की कोणीच जिंकत नाही, सगळेच मरतात. तेव्हा त्यांनी करार केला. रात्री अंधाराच्या मंडळींवर प्रकाशाच्या लोकांनी पहारा ठेवायचा, आणि दिवसा प्रकाशाच्या मंडळींवर अंधाराच्या लोकांनी. दोघांच्याही कचेऱ्या आहेत, साहेब आहेत, वशिले आहेत. प्रकाशवाल्याने एखादे सत्कृत्य केले की तेवढेच एक दुष्कृत्य करण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला मिळतो. त्यामुळे चांगुलपणा करण्यापूर्वीसुद्धा वरून मंजुरी घ्यावी लागते. नायक अन्तोन हा धंद्याने संगणकावरचा कारकून म्हणावा असा. त्याला कचेरीतल्या खुर्चीवरून उठवून एकदम गस्तीवर धाडलेले. वाचताना मला हसू येत होते. बदलीचा हुकूम हातात पडलेला माणूस मॉस्कोत काय अन् मंत्रालयात काय, सारखाच दिसतो.

हसू थांबले ते परवान्याच्या ठिकाणी. रक्त पिणारी पिशाच्चे आहेत, त्यांनी अगदीच उपाशी मरू नये म्हणून त्यांना अधूनमधून माणसाचा बळी घेण्याचा परवाना मिळतो. तो देते कोण? प्रकाशाची कचेरी. आणि बळी कोणाचा द्यायचा हे ठरते कसे? सोडत काढून. शहरातल्या लाखो माणसांतून एक नाव निघते. तो माणूस बिचारा कुठे भाजी घेत असेल, कुठे मुलाला शाळेत सोडत असेल.

मी पुस्तक मिटले. रात्रीचे साडेअकरा झाले होते. बायकोने विचारले, “दिवा मालवू का?” मी म्हणालो, “मालव.” पण झोप आली नाही.

१९७२ सालचा जून महिना. मी अकरावी, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक, पास झालो होतो. माझ्याहून दीड वर्षाने धाकटा नाना दहावीत गेला होता. आमचे गाव खटाव तालुक्यातले. आदल्या साली पावसाने दगा दिला होता आणि ह्या सालचे आभाळही कोरडे. आबांनी आम्हा दोघांना समोर बसवले. “दोघांचं हुनार न्हाई. एकानं शिकायचं, एकानं रान बघायचं.” थोरला म्हणून मलाच पाठवावे असे त्यांच्या मनात होते, पण नानाचे गणित माझ्याहून फार चांगले होते आणि मास्तरांनी ते घरी येऊन सांगितले होते. आबा न्यायाचे माणूस. “द्येवावर सोपवू,” ते म्हणाले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मला म्हणाले, “दोन चिठ्ठ्या लिव्ह. तुझी येक, त्येची येक.”

मी देवळीतल्या दिव्यापुढे बसलो, वहीचा कागद फाडला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोन्हींवर माझेच नाव लिहिले.

धाकट्या बहिणीने एक चिठ्ठी उचलली. मीच ती मोठ्याने वाचली. आईने देवापुढे गूळ ठेवला आणि सगळ्यांच्या हातावर वाटला. त्या गडबडीत दुसरी चिठ्ठी घ्यायला मी हात घातला, तर ती जागेवर नव्हती. मी चटईखाली पाहिले, उंबऱ्याशी पाहिले. दुसऱ्या दिवशी आईने काढलेला केरसुद्धा उकिरड्यावर जाऊन चाळला. मिळाली नाही. पुढे कित्येक महिने घरून पत्र आले की ते फोडताना माझा हात कापत असे.

त्या दुष्काळात नाना खडी फोडायला गेला. जी माणसे त्या वर्षी दुष्काळी कामावर होती त्यांना सुकडीची आणि तांबड्या मिलोची चव अजून आठवत असेल. माझ्या खोलीचे भाडे त्या खडीतून आले. मनिऑर्डरच्या कुपनावर त्याचे ते सुबक अक्षर असायचे: ‘पोचल्याचे कळव. अभ्यास कर.’ ती कुपने मी ठेवली नाहीत. ठेववली नाहीत.

दुसऱ्या रात्री पुन्हा पुस्तक उघडले. अन्तोनला भुयारी गाडीत एक तरुण बाई दिसते. तिच्या डोक्यावर काळ्या वावटळीसारखा एक भोवरा गरगरत असतो. इतरांना तो दिसत नाही. कोणीतरी तिला भयंकर शाप दिलेला आहे, आणि तो शाप फुटला तर तिच्याबरोबर सारे शहर उद्ध्वस्त होणार आहे. बाई डॉक्टर आहे, नाव स्वेतलाना. दोन्ही कचेऱ्यांचे बडे बडे मांत्रिक कामाला लागतात. शाप देणारा शत्रू कोण? हा शोध सुरू होतो आणि काही केल्या तो शत्रू सापडत नाही. कोणी मदतीला जावे तर भोवरा आणखीच फुगतो. अखेर अन्तोन तिच्या घरी जाऊन तिच्याशी साध्या माणसासारखे बोलत बसतो, तेव्हा उलगडा होतो. तिच्या आईला मूत्रपिंडाचा विकार. आपले एक द्यायला ती तयार होती, आईने नाकारले, आणि ह्या साऱ्यात दोष आपलाच असे तिच्या मनाने घेतले. शाप तिने स्वतःच स्वतःला दिलेला आहे. ते तोंडातून निघाल्यावर भोवरा विरतो.

ही बाई पुढे फार मोठी मांत्रिक व्हायची आहे, हे प्रकाशाच्या साहेबाला आधीपासून ठाऊक असते. म्हणजे निवडलेली खरी तीच. अंधाराशी लढायला जिला निवडले, शहरावरचा अंधार तिच्याच छातीतून निघालेला, ही गोष्ट लिहायला लेखकाला मानसोपचाराचे शिक्षण उपयोगी पडले असेल काय, कोण जाणे. एवढी पाने मी दोनदा वाचली.

पुढचे पुस्तक मला तितकेसे रुचले नाही. तिसऱ्या भागात माणसाचे नशीब नव्याने लिहिण्याचा एक खडू येतो. येगोर नावाच्या एका पोराच्या कपाळी काय लिहायचे हे साहेब लोक ठरवू पाहतात. आपल्याकडे हे काम सटवाई करते आणि कोणाला पत्ता लागू देत नाही. तिथे त्यावर डाव-प्रतिडाव इतके होतात की वाचणाऱ्याचे डोके भणाणते. पण त्या पोराला कोणी विचारले का, हा अन्तोनचा राग मात्र खरा वाटतो. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन्ही बाजूंचे हात मळलेले दाखवणाऱ्या ह्या लेखकाने २०२२ मध्ये युक्रेनवरच्या रशियाच्या चढाईला उघड पाठिंबा दिला. नातवाने मला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. कागदावर जे दिसते ते कागदाबाहेर दिसतेच असे नाही. मला ह्याचे फारसे नवल वाटले नाही. नवल वाटण्याचा अधिकार मला नव्हता म्हणा.

त्या आठवड्यात मी एस. टी. धरली आणि गावी गेलो.

नानाच्या घरी जेवणे झाली. शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीच्या पाळीला होती. अकरा वाजता तो दारे धरायला निघाला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कानाला मफलर, खांद्यावर खोरे. मी म्हणालो, “मीही येतो.” “थंडीचा कशाला?” म्हणाला, पण बॅटरी माझ्या हातात दिली.

मोटर सुरू झाली. पाणी पाटाने गव्हाच्या वाफ्यांत शिरू लागले. वाफा भरला की तो दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात घाली. बराच वेळ मी नुसता उजेड दाखवीत उभा राहिलो. मग म्हणालो, “नाना, त्या चिठ्ठ्या...”

“कंच्या?”

“आबांनी टाकायला लावलेल्या. दोन्हींवर माझंच नाव होतं. मी लिहिलं होतं.”

त्याने खोऱ्याने माती ओढली, पायाने दाबली. “ठावं हाय की. दुसरी मीच उचलली. बघितली आन् चुलीत घातली.”

माझ्या तोंडून शब्द निघेना. शेवटी विचारले, “मग बोलला का नाहीस?”

“आईनं हातावर गूळ ठिवला. तोंडात गूळ आन् मुठीत चिठ्ठी. बोलायचं कसं, दादा?”

मोटरीचा आवाज येत होता. पलीकडच्या रानातही कोणाची तरी बॅटरी हलत होती.

“तुला जायचं होतं?”

“जायचं हुतं की. पुण्याचं भ्या वाटतं, म्हून गेलो न्हाई, आसं मी मनाला सांगायचो. पर जायचं हुतं.” तो पुढच्या वाफ्याकडे वळला. “धा-पंधरा वर्सं लई राग हुता. तू सुट्टीला यायचास तवा मी मुद्दाम रानातच ऱ्हायचो, तुला वाटायचं काम हाय. मग पोरं झाली, हीर खांदली, कर्ज झालं. ऱ्हाऊन गेला राग. गेला म्हनत न्हाई मी. ऱ्हाऊन गेला.”

“नाना, मी...”

“आरं, उजीड हिकडं धर! दारं फुटलं बघ.”

मी बॅटरी तिकडे वळवली. पाणी भलत्याच वाफ्यात धावत होते. तो वाकून खोऱ्याने माती ओढू लागला, आणि मी चपला काढून, धोतर खोचून, चिखलात उतरून हाताने ढेकळे लावू लागलो. पाणी बर्फासारखे गार होते. वीज पहाटे जाणार होती, आणि अजून अकरा वाफे राहिले होते.