कडोळीचा चंडिकादास

चंडिकादास अमृतराव देशमुख हे नाव सांगितले तर गावातला माणूसही क्षणभर थबकतो. नानाजी म्हटले की ओळख पटते. त्यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९१६ रोजी कडोळीला झाला. कडोळी आज हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात मोडते. पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा वेगळा जिल्हा नव्हताच. हा सगळा टापू परभणीचा. वर काळी माती, खाली कातळ आणि अंमल निजामाचा. आई-वडील लवकर गेले, पोर मामाच्या घरी वाढले. शाळेसाठी ते हद्द ओलांडून वऱ्हाडात, रिसोडला गेले. मोगलाईत तेव्हा शाळा विरळ, आणि वरच्या वर्गांची भाषा उर्दू. फी आणि पुस्तकांचे पैसे उभे करायला या मुलाने भाजी विकली. भाजीच्या पाटीमागे बसणाऱ्याला हिशेब येतोच, शिवाय समोरच्याचा चेहराही वाचता येतो. नानाजींना दोन्ही जन्मभर पुरले.

पुढचे शिक्षण राजस्थानात पिलानीला झाले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार यांची ओळख त्याआधीच झालेली. त्यांच्या निधनानंतर, १९४० साली नानाजी प्रचारक म्हणून उत्तर प्रदेशात गेले. आधी आग्रा, मग गोरखपूर. गोरखपुरात ओळख ना देख, आणि खिसा रिकामा. मुक्काम धर्मशाळेत, पण धर्मशाळेचा नियम असा, की सलग तीन दिवसांवर राहायचे नाही. म्हणून चौथ्या दिवशी वळकटी उचलायची आणि दुसरी धर्मशाळा गाठायची. अखेर बाबा राघवदासांनी आश्रय दिला, तोही एका अटीवर: रोजचा स्वयंपाक नानाजींनी करायचा. बाबा राघवदास हे काँग्रेसचे, गांधीजींच्या वाटेने जाणारे, आणि मूळचे मराठीच. एका मराठी माणसाने गोरखपुरात दुसऱ्या मराठी माणसासाठी भाकरी थापावी, विचार मात्र दोघांचे वेगळे असावेत, हे चित्र आजच्या काळात जरा नवलाचेच वाटेल. पुढच्या दशकात, १९५०च्या सुमारास, याच गोरखपुरात नानाजींच्या पुढाकाराने पहिले सरस्वती शिशुमंदिर उघडले. आज त्या नावाच्या शाळा देशभर आहेत.

मधल्या पंचवीस वर्षांचे राजकारण बहुतेकांना माहीत आहे. जनसंघाची बांधणी, विनोबांच्या भूदानात काढलेले दिवस, १९७४ साली पाटण्यात जयप्रकाश नारायणांवर पडणारी लाठी अंगावर घेणे, १९७७ साली बलरामपुरातून लोकसभेवर निवड. मोरारजींच्या मंत्रिमंडळात जागा चालून आली होती, ती त्यांनी घेतली नाही. साठी गाठली की सत्तेतून बाहेर पडावे, असे ते म्हणत. म्हणणारे पुष्कळ असतात. नानाजी १९७८ साली खरोखर बाहेर पडले, आणि त्यांचे खरे काम तिथून सुरू झाले.

गोंडा जिल्ह्यात त्यांनी जयप्रकाश आणि त्यांच्या पत्नी प्रभावती यांच्या नावाने जयप्रभाग्राम वसवले. हा मुलूख तराईचा. परभणीकडे कातळ फोडून विहीर खणावी लागते. इथे काही हातांवर पाणी, तरी शेत कोरडे, कारण लोखंडी नळ गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. उपाय बांबूत सापडला. लोखंडी कड्यांभोवती बांबूच्या कामट्या उभ्या ठोकायच्या, वरून काथ्याची दोरी घट्ट गुंडाळायची, की झाली नळी. काथ्यातून पाणी झिरपते, वाळू बाहेर अडते. बांबू बांधावरचा, हात गावचेच. ही युक्ती मूळची बिहारमधली. नानाजींनी ती उचलून शेतोशेती नेली. कल्पना स्वतःचीच असली पाहिजे असा हट्ट नसणे हा कार्यकर्त्याचा मोठा गुण, आणि तो दुर्मीळ आहे.

१९९०च्या सुमारास ते चित्रकूटला आले आणि तिथलेच झाले. मंदाकिनीकाठचे हे छोटे तीर्थक्षेत्र अर्धे उत्तर प्रदेशात, अर्धे मध्य प्रदेशात. तिथे १९९१ साली ग्रामोदय विश्वविद्यालय उभे राहिले. पण विश्वविद्यालयापेक्षाही मोलाची होती समाजशिल्पी दांपत्यांची योजना. शिकलेल्या नवरा-बायकोने खेड्यात बिऱ्हाड करायचे आणि आसपासची चार-पाच गावे सांभाळायची. एकटा कार्यकर्ता गावाच्या पारापर्यंत पोचतो. जोडपे चुलीपर्यंत पोचते. गावचे भांडण कोर्टात न नेता गावातच मिटवायचे, हाही या कामाचा भाग. महाराष्ट्राने तंटामुक्त गाव मोहीम काढली ती २००७ साली. चित्रकूटच्या परिसरात हा प्रयोग त्याआधीच चालू होता आणि राष्ट्रपती कलाम यांनी तो स्वतः जाऊन पाहिला होता. किती गावे पूर्ण कज्जेमुक्त झाली याचे आकडे नानाजींच्या दीनदयाल शोध संस्थानचेच आहेत, तेव्हा ते जपून वाचावेत.

मराठवाड्याला त्यांच्या कामाचा वाटा थोडाच आला. याच संस्थानचे कृषी विज्ञान केंद्र बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला आहे. परभणीकरांना जवळचे तेवढेच. १९९९ साली, म्हणजे कडोळी परभणीतून हिंगोलीत गेली त्याच वर्षी, नानाजींना पद्मविभूषण मिळाले आणि ते राज्यसभेवर गेले. भारतरत्न २०१९ साली, मरणोत्तर.

शेवटच्या आजारात उपचारांसाठी दिल्लीला जायला त्यांनी नकार दिला. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटमध्येच ते गेले, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. देहदानाची इच्छा त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. त्याप्रमाणे त्यांचा देह दिल्लीला, एम्स रुग्णालयाच्या स्वाधीन करण्यात आला.