टोरीचं तेल आणि ओले हात

गोंदियाकडे थंडी आणि धानकापणी एकाच सुमारास अंगावर येतात. दिवाळीच्या आगेमागे हलकं धान विळ्याला येतं, भारी धान त्याच्या मागून, आणि पुंजणे मोडून मळणी उरकेपर्यंत डिसेंबर उजाडलेला असतो. विदर्भात पारा सगळ्यात खाली कुठे उतरला, या बातमीत तेव्हा गोंदियाचं नाव वरचेवर झळकतं. आमचं गाव मुर्री, गोंदिया शहराजवळचंच. तरी आमच्या घरचं वर्षाचं गणित अजून धानाच्या बांध्यांवरच चालतं.

माझं माहेर वर्ध्याकडचं, कापसाच्या मुलखातलं. कापूस वेचताना बोंडाची टोकं बोचतात, नखांच्या कडा सोलतात, हे मला ठाऊक होतं. धान हाताला वेगळ्या तऱ्हेनं खातं. पातं दिसायला मऊ, पण त्याच्या कडेला डोळ्याला न दिसणारे दाते असतात. या पिकात सिलिका भरपूर. धानाच्या तुसाची राख केली तर तिच्यात साधारण ८५ ते ९५ टक्के सिलिकाच निघते, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य. कडपा उचला, भारे बांधा, पुंजणे रचा; दिवसभर ते हातातून सरकत राहतं आणि वरचं कातडं झिजत जातं. मग संध्याकाळी त्याच हातांनी गार पाण्यात भांडी.

सासरच्या पहिल्या हिवाळ्यात माझी बोटं पेरांवर उलली. अंगठ्याच्या टोकाला, नखाच्या बगलेला इतकी बारीक चीर पडायची की नजरेला दिसायची नाही. हिरवी मिरची मोडताना किंवा भाजीत मीठ टाकताना मात्र ती कुठे आहे ते बरोबर कळायचं. पदर सावरताना बोटाचं कातडं धाग्यात अडकायचं.

उपाय सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. लिंबू-साखर चोळ, हळद लाव, राखेनं हात घास. या सगळ्यावर ‘नैसर्गिक’ असा शिक्का असतो, म्हणून ते हाताला सोसेल असं नाही. लिंबू आम्ल आहे. उललेल्या बोटावर ते आग करतं आणि चीर चिघळवतं. राखेनं भांडी लखलखतात, कारण ती क्षारयुक्त असते आणि तेलकटपणा ओढून घेते. भांड्याचा ओढते तसा हाताचाही ओढते. भांड्याच्या वडीचं तेच. निरोगी कातडीचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आंबटाकडे झुकणारा. साध्या साबणाचा ९ ते १०. दिवसाकाठी इतक्या वेळा हात त्यात बुडाले की कातडीचं स्वतःचं तेल शिल्लक राहणार कुठून?

एका संध्याकाळी भांडी उरकून मी हात पदराला पुसत होते, तर सासूबाईंनी मनगटच धरलं. “पुसू नोको व बाई. हात वल्ले हायेत तवाच लावजो,” म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात टोरीच्या तेलाची बाटली. टोरी म्हणजे मोहाची बी. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडून गेली की पुढे फळं धरतात, आणि पावसाच्या तोंडाशी बिया गोळा करतात. फोडून, वाळवून, घाण्यावर गाळलं की तेल. जंगलालगतच्या गावांत पूर्वी स्वयंपाकाला आणि दिव्यालाही हेच असायचं.

थंडीत हे तेल बाटलीत थिजतं. पिवळट, रवाळ, तळाशी घट्ट बसलेलं. सासूबाईंनी बाटली चुलीच्या उबेला जराशी कलती धरली, कडेचं तेल सुटलं तसं हरभऱ्याएवढं माझ्या तळव्यावर घातलं. वास उग्र, पहिल्यांदा नाक मुरडावं असा. पण हाताच्या उबेनं ते विरघळलं, ओल्या कातडीवर पसरलं आणि थोड्या वेळानं चिकटपणाही उरला नाही. पेरांची ओढ तेवढ्यानंच सैल झाली.

सगळी मेख त्या ‘वल्ले’ हातांत होती. तेलात पाणी नसतं. ते कातडीला ओल देत नाही, असलेली ओल उडू देत नाही. धानाच्या बांधीसारखंच हे: पाणी भरलं की मग धुऱ्याचं तोंड बुजवतात. कोरडी बांधी किती का बुजवा, रोवणी होत नाही. एवढं कळल्यावर टोरीच्या तेलाचाच हट्ट धरायचं कारण राहिलं नाही. खोबरेल चालतं, तिळाचं चालतं, घरचं तूप चालतं. कोकणात भेगांना कोकमाचं तेल लावतात, तेही असंच थिजलेलं असतं. कोरफडीचा गर बहुतेक पाणीच. तो नुसता लावला तर वाळून जातो, वरून तेलाचं बोट फिरवावं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण कोरड्या हवेत ते पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून घ्यावं. कुठलंही नवं तेल आधी कोपराच्या आत लावून पाहावं, खाज आली तर सोडून द्यावं.

तेलाइतकंच कामी आलं ते काही गोष्टी थांबवणं. कढत पाणी कितीही सुखाचं वाटलं तरी ते कातडीचं तेल घेऊन जातं, म्हणून हात कोमट पाण्यानंच धुवायचे. नुसत्या मातीनं भरलेल्या हातांना दर वेळी साबण कशाला? कडपा उचलताना हाताला जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या.

शेजारच्या काकू बिड्या वळतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे तेंदूपत्ता आणि बिडीचा धंदा जुना. भिजवलेलं पान, कात्री, तंबाखूची भुकटी. त्यांच्या बोटांची सालं वर्षभर निघतात. मी त्यांना तेल नेऊन दिलं तर हसल्या. “तेलाच्या बोटानं पान निसटते,” म्हणाल्या. खरं होतं. दिवसा हात कोरडे ठेवण्यावरच त्यांची मजुरी. मग त्यांनी रात्रीचा वेळ धरला: हात धुवायचे, ओल्यावरच तेल चोळायचं, वरून मुलाचे जुने सुती मोजे चढवून झोपायचं. चिरा भरत आल्या, एका बोटाची मात्र भरेना. तिथे खाज सुटली, लस येऊ लागली. असं झालं की घरचा उपाय थांबवावा. तो नुसता कोरडेपणा नसतो, इसब असू शकतो. काकू डॉक्टरकडे गेल्या, मलम मिळालं, बोट बरं झालं.

हातांना आराम द्या, पाण्यात घालू नका, असं सांगणं सोपं आहे. धान कापायचं राहत नाही, भांडी तर त्याहून नाही. कामाच्या मधोमध बसेल तोच उपाय चालतो. म्हणून आमच्याकडे तेलाची बाटली कपाटात नसते, मोरीच्या कट्ट्यावर साबणाशेजारी असते. साबणाला हात गेला की पाठोपाठ तेलालाही जातो. टोरीचं संपलं की पुढच्या पावसाच्या तोंडापर्यंत ते मिळत नाही. तोवर खोबरेल आहेच.