गंगेवरचा गवळीवाडा

दरवर्षी ऑगस्टमध्ये आमच्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर भरते आणि पहिल्या खाटेवर मी आडवा होतो. मुलांना उत्साह वाटावा म्हणून, असे मी सांगतो. खरे कारण असे की, मराठीच्या प्राध्यापकापाशी असलेली एखादी वस्तू कुणाला हवी असते, असा प्रसंग वर्षातून एकदाच येतो.

गेल्या वर्षी शिबिरानंतर आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला. "सर, जरा येऊन जाल का? फोनवर नाही सांगता येणार." तेथील बाई फार सौम्य बोलल्या. इतके सौम्य कुणी उगाच बोलत नाही! प्रत्येक पिशवी तेथे पाच रोगांसाठी तपासतात. माझी एचआयव्हीच्या चाळणीत अडकली होती. "रिअ‍ॅक्टिव्ह आहे, सर. पॉझिटिव्ह नाही म्हणत आम्ही," असे म्हणून त्यांनी सरकारी रुग्णालयातील केंद्राची चिठ्ठी दिली. शब्दाशब्दांतला फरक सांगण्याचा मी पगार घेतो. पण त्या क्षणी मला दोन्ही शब्द एकच ऐकू आले.

रात्री सौ.ला सांगितले. तिने गॅस बंद केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला सांगायचं राहून गेलंय, असं काही आहे का?"

नव्हते. तसे मी सांगितलेही; पण माझाच आवाज मला खोटा वाटला. न्हाव्याचा वस्तरा, दाढ काढली तो दवाखाना, लहानपणी सुई उकळून टोचणारे कंपाउंडर, सगळ्यांची मी रात्रभर मनातल्या मनात झडती घेतली. सौ. पाठ करून निजली होती, आणि जागी होती.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या सहकाऱ्यांना 'एका मित्राची' हकीकत सांगितली. मित्र कोण ते त्यांनी विचारले नाही. खडूच्या खोक्यावर त्यांनी आकडे मांडले. समजा, 10,000 माणसे आहेत आणि लागण दहांनाच आहे. चाचणी ते दहाही पकडते. पण निरोगी शंभरांमागे एकाला चुकून पकडते. म्हणजे आणखी सुमारे 100. चिठ्ठ्या गेल्या 110 जणांना, खरे त्यांतले दहाच! "चाचण्या याहून पुष्कळ चांगल्या असतात, पण रोग विरळ असला की हे व्हायचंच," ते म्हणाले. बेज नावाच्या इंग्रज पाद्र्याचा यावरचा लेख त्याच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला, हेही सांगितले.

"मग चाळणी सुधारत का नाहीत?"

"अहो, 1985 मध्ये अमेरिकेत ही चाचणी मंजूर झाली ती रक्तपेढ्यांतलं रक्त तपासायला. चांगली पिशवी फेकली तर पिशवीच जाते. वाईट निसटली तर माणूस."

त्याच दिवशी मला वर्गात लक्षणा शिकवायची होती. 'गंगेवर गवळीवाडा.' पाण्यावर वाडा उभा राहील कसा? म्हणून अर्थ घ्यायचा काठावर. वीस वर्षे हे उदाहरण देतो आहे. आणि माझा अहवाल मात्र मी सरळ पाण्यातच उभा केला होता. दुसऱ्याच कशासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडेही त्या चाचणीला चकवतात. तोच शब्द जोखमीत वावरलेल्या माणसाच्या कागदावर एक सांगतो, माझ्या कागदावर दुसरे.

पण माझा संदर्भ डॉक्टरांना कळणार कुठून? केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी तेच विचारले, जे सौ.ने विचारले होते. फक्त छापील कागदावरून. त्यांना मी शांतपणे उत्तरे दिली. सौ.चा प्रश्न तेवढा बोचला होता.

केंद्रात वेगळ्या घडणीच्या चाचण्या झाल्या. लागण नव्हती. सौ.ने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.

"मी विचारायला नको होतं," ती म्हणाली.

"विचारायलाच हवं होतं," मी म्हणालो. हे म्हणायला मला चार दिवस आधी जमायला हवे होते.

रक्तपेढीच्या नोंदवहीत माझ्या नावापुढे आता खूण आहे. यंदाच्या शिबिरात मी बिस्किटे वाटली.