भंडाऱ्याचा अर्धा ऱ

भंडारा हे नाव लिहिताना संगणकाची काहीच तक्रार नसते. त्याचा कस लागतो तो नावाला विभक्ती जोडल्यावर. भंडाऱ्यात, भंडाऱ्याला, भंडाऱ्याचा. नागझिऱ्याचं जंगल, सिहोऱ्याचा रस्ता. आमच्या पवनीकडे तर अभयारण्याच्या मूळ नावातच तो अर्धा ऱ बसलेला आहे: उमरेड-पवनी-कऱ्हांडला. नागझिऱ्यातून तिकडे गेलेल्या जय वाघामुळे हे नाव देशभर गेलं. मराठीत मात्र ते 'कर्हांडला' असं, ह च्या डोक्यावर रफार घेऊन आलेलं मी कितीदा तरी वाचलं आहे.

य आणि ह यांना डावीकडून चिकटणारी ती लहानशी आडवी वळणदार रेघ हिंदीला लागत नाही. मराठीला लागते, नेपाळीला लागते. आणि ती शोभेसाठी नाही. समुद्र तो दर्या, डोंगरातल्या त्या दऱ्या. आचार्यांना दिलेला निरोप वेगळा आणि आचाऱ्यांना दिलेला वेगळा. देवनागरी म्हणजे हिंदी असं धरून ज्यांनी फॉंट आणि प्रणाली बांधल्या, त्यांच्या नजरेतून ही रेघ सुटली यात त्यांचा द्वेष नव्हता. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच.

हे सांगण्याचं काम मी करतो. लिनक्सवर चालणाऱ्या मुक्त प्रणालींमध्ये देवनागरी मजकूर नीट उमटावा, एवढाच माझ्या कामाचा परीघ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की हा माणूस दिवसभर कोड लिहीत असेल. प्रत्यक्षात दिवसाचा मोठा भाग बोलण्यात जातो, म्हणजे लिहून बोलण्यात. कुणीतरी दोष नोंदवलेला असतो, दुसऱ्याने त्यावर दुरुस्ती पाठवलेली असते, ती तपासणारा तिसराच असतो, आणि या दुरुस्तीने बंगाली बिघडेल अशी शंका चौथ्याने काढलेली असते. प्रणाली सुधारते ती या बोलण्यातून. कोड त्या बोलण्याच्या शेवटी येतो, आणि पुष्कळदा तो चार ओळींचाच असतो.

'कऱ्हांडला' हा शब्द पडद्यावर उमटेपर्यंत किती हातांतून जातो ते पाहण्यासारखं आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ्ह' हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. या कळा आयबस नावाचा कार्यक्रम पकडतो आणि त्यांची युनिकोड अक्षरं करतो. ती अक्षरं म्हणजे नुसते क्रमांक. त्यांना अजून रूप नसतं. मग हार्फबझ ठरवतो की या क्रमांकांच्या रांगेतून कोणत्या आकृत्या घडवायच्या आणि कोणती आकृती कुठं बसवायची. त्या आकृत्या फॉंटमध्ये असतात, आणि कशाचं काय करायचं याचे नियमही फॉंटमध्येच लिहिलेले असतात. शेवटी फ्रीटाइप त्या रेषा ठिपक्यांमध्ये उतरवतो. चूक यांतल्या कुठल्याही हातून होऊ शकते. वाचणाऱ्याला मात्र सगळ्या चुका सारख्याच दिसतात: अक्षर मोडलेलं.

म्हणून 'मराठी नीट दिसत नाही' या तक्रारीचं कुणी काही करू शकत नाही. ती खरी असते, कळकळीची असते, आणि तरी तशीच पडून राहते. अशी तक्रार आली की मी आधी हार्फबझसोबत येणारं एचबी-शेप नावाचं छोटं साधन चालवतो. त्याला फॉंटची फाईल द्यायची आणि शब्द द्यायचा. ते चित्र काढत नाही. चौकोनी कंसात आकृत्यांच्या नावांची एक ओळ छापतं, प्रत्येक नावापुढे तिची जागा आणि रुंदी. त्या ओळीत ह च्या नंतर रफाराची आकृती आली, तर प्रणालीने ऱ ला साधा र समजून डोक्यावर चढवलं आहे, किंवा मजकुरातच साधा र आलेला आहे. ह च्या आधी आडव्या रेघेची आकृती आली आणि तरी पडद्यावर ती दिसत नाही, तर फॉंटमधलं रेखाटन किंवा त्याची रुंदी चुकली आहे. ओळीत पूर्ण ऱ आणि पाय मोडण्याची खूण वेगवेगळी आली, तर फॉंटमध्ये नियमच नाही. तीन दोष, तीन वेगवेगळी घरं, आणि प्रत्येक घराचा दरवाजा वेगळ्या माणसाने उघडायचा. कुणाचं दार ठोठावायचं हे कळलं की अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं म्हणजे त्या माणसाला पटवणं, आणि त्या माणसाला बहुतेक वेळा मराठी वाचता येत नाही. हार्फबझ उभं करणारे बेहदाद एस्फाहबोद मूळचे इराणचे. भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला गेला तेव्हा त्यांनी विकिपीडियावरून वेगवेगळ्या भारतीय भाषांतल्या शब्दांच्या प्रचंड याद्या काढल्या, त्या हार्फबझमधून आणि मायक्रोसॉफ्टच्या याच कामाच्या युनिस्क्राइबमधून चालवल्या, आणि दोघांची उत्तरं कुठं जुळत नाहीत ते पाहिलं. प्रत्येक बदलानंतर कोणत्या लिपीचे किती शब्द अजून चुकतात याचा हिशेब नोंदीत लिहिलेला असे. मला या पद्धतीबद्दल फार आदर आहे. भाषा येत नाही ही अडचण त्यांनी मान्य केली आणि तिच्याभोवती मोजमापाचं कुंपण घातलं. त्या याद्यांत मराठी विकिपीडियावर कुणीतरी टंकलेले शब्दही होते. आपण आपल्या भाषेत लिहून ठेवलेलं असं कुठं उपयोगी पडेल, हे लिहिणाऱ्याला कधी कळणार नाही.

तेव्हा माझ्या नोंदीत मी चार गोष्टी लिहितो: टंकलेल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक, फॉंटचं नाव आणि आवृत्ती, काय उमटलं त्याचं चित्र, आणि काय उमटायला हवं त्याचं चित्र, शक्यतो छापील पुस्तकातलं. 'आमच्या भाषेवर अन्याय' हे वाक्य कितीही मनात आलं तरी ते लिहीत नाही. चित्र आणि क्रमांक समोर असले की एडमंटनचा किंवा प्रागचा माणूसही तो दोष स्वतःच्या यंत्रावर घडवून पाहू शकतो. दोष परक्याच्या हाती पुन्हा घडला की तो माझा एकट्याचा राहत नाही.

आता या ऱ मधली खरी गंमत. युनिकोडच्या देवनागरी प्रकरणात त्याच्यासाठी दोन नियम शेजारी शेजारी आहेत. पहिला सांगतो की नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि त्याचा पाय मोडण्याची खूण यांतून ही आडवी रेघ व्हावी. हे जुन्या भारतीय मानकाशी, म्हणजे इस्कीशी जुळतं. दुसरा सांगतो की साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यापुढे शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक आला, तरीही तीच रेघ व्हावी. हा दुसरा नियम का? तर युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून. म्हणजे 'भंडाऱ्यात' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो, आणि पडद्यावर तो तंतोतंत सारखा दिसतो.

नव्याने येणारी मुलं इथं हमखास विचारतात: मग दुसरा नियम काढून का टाकत नाही? एकच ठेवा, घोळ संपेल. प्रश्न रास्त आहे. पण त्या तऱ्हेने टंकलेला मजकूर लोकांकडे आहे. कुणाची कादंबरी, कुणाचा प्रबंध, कुणाच्या पतसंस्थेची सभासदांची यादी. नियम काढला की त्या सगळ्यांच्या फाईलमध्ये रफार चढेल, आणि त्यांनी काहीही केलेलं नसताना चढेल. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच्या गाभ्यासाठी हाच दंडक घालून दिला आहे: वापरणाऱ्याचं चालू असलेलं काम आपल्या सुधारणेने मोडलं, तर दोष आपला, त्याचा नाही. या दंडकामुळे पुष्कळ सुंदर कल्पना नाकारल्या जातात. मी त्या नाकारण्याच्या बाजूचा आहे. जुनं लिहिलेलं वाचता येणं हा हक्क आहे, आणि तो सोयीपेक्षा मोठा आहे.

ल आणि श चा वाद याहून लांबला. मराठीत ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदीत दोन्ही वेगळे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीचे आकार ठरवून दिले. पण युनिकोडला प्रत्येक अक्षराच्या दोन्ही रूपांचा क्रमांक एकच. रेड हॅटने मुक्त केलेल्या लोहित फॉंटमध्ये एके काळी मराठीची फाईल वेगळी, हिंदीची वेगळी, नेपाळीची वेगळी होती. एक दोष दुरुस्त करायचा तर तो प्रत्येक फाईलीत करायचा, आणि एखादी राहून जायचीच. पुढे ते सगळं एका लोहित देवनागरीत आणलं गेलं, आणि भाषा मराठी असेल तर मराठी ल उचलायचा असा नियम फॉंटच्या पोटात ठेवला गेला. काम हलकं झालं, हे खरं. पण मजकूर मराठी आहे हे प्रणालीला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ज्या कार्यक्रमाला ते सांगितलं जात नाही तिथं आजही हिंदी ल दिसतो. हा तोडगा पूर्ण नाही. त्या वेळी हातात असलेला तो सर्वांत कमी वाईट तोडगा होता, असं मला वाटतं.

आमच्याकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कामाची जातकुळी लवकर कळेल. तलाव एक, खाली शेतं अनेकांची. पाणी कधी सोडायचं, पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, हे गाव बसून ठरवायचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत गेली, तलाव सरकारचे झाले, आणि बऱ्याच गावांत ती बैठक मोडली. पाळ तीच होती, पाणी तेच होतं. बोलणं थांबलं आणि गाळ साचत गेला. मुक्त प्रणालीतले कितीतरी चांगले प्रकल्प मी असेच गाळाने भरलेले पाहिले आहेत. कोड उघडा आहे, परवाना उदार आहे, पण आलेल्या नोंदीला उत्तर द्यायला माणूस नाही.

उत्तर देणाऱ्याच्या भाषेबद्दलही बोललं पाहिजे. साकोली-लाखनीकडचा एखादा मुलगा पहिल्यांदा इंग्रजीत दोष लिहितो, शब्दकोश बाजूला ठेवून, तीनदा वाचून. उलट येतं ते एका ओळीचं: माझ्याकडे चालतं आहे. किंवा नुसतंच: नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने असं तोडून बोलणं म्हणजे हाकलून देणं. तो मुलगा पुन्हा लिहीत नाही. तिकडच्या माणसाने बहुधा हाकललेलं नसतं. त्याच्यापुढे त्या दिवशी तशा बऱ्याच नोंदी असतात. पण कधी कधी खरंच हाकललेलं असतं. २०१८ च्या सप्टेंबरात खुद्द टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट बोलण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि लिनक्सने वागणुकीची संहिता स्वीकारली. तांत्रिक गुणवत्ता राखायची तर असं कडक बोलावंच लागतं, असं म्हणणारे अजून आहेत. मला ते मान्य नाही. दुरुस्ती नाकारायला दोन वाक्यं जास्त लागतात, आणि त्या दोन वाक्यांत पुढचा दोष शोधणारा माणूस टिकतो. लिनक्सच्या गाभ्यात दुरुस्तीसोबत दोष कळवणाऱ्याचं नाव वेगळ्या ओळीत लिहिण्याची रीत आहे. ती मला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते, आणि नवीन मुलांना मी ती ओळ उघडून दाखवतो.

सध्या माझं डोकं मजकूर शोधण्याच्या प्रश्नात गुंतलं आहे. दोन तऱ्हांनी साठवलेला 'कऱ्हांडला' डोळ्यांना एक, पण साध्या शोधाला दोन. एका तऱ्हेने टंकून शोधलं की दुसऱ्या तऱ्हेच्या फाईली सापडतच नाहीत. शब्दांत नुक्ता सुटा टंकला असेल तर युनिकोडचं प्रमाणीकरण तो ऱ मध्ये मिसळून घेतं. अदृश्य जोडकाची तऱ्हा मात्र त्यात येत नाही. ॲ चंही तसंच आहे. २००८ साली युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला, त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र देऊन टंकलेला, आणि ही दोन रूपं एकच आहेत असं मानक कुठं म्हणत नाही. शोध सैल करावा तर नुक्ता आणि जोडक दोन्ही दुर्लक्षित होतात. मग दऱ्या शोधताना दर्याही हाती येतो.

माझं म्हणणं असं की दोन तऱ्हांच्या ऱ ला एक मानावं, रफाराला वेगळं ठेवावं, आणि हे मराठी व नेपाळीपुरतं करावं. विरोधी बाजूचं म्हणणं, एका भाषेसाठी शोधात अपवाद घातला की उद्या प्रत्येक भाषा रांगेत उभी राहील. रांगेत उभं राहू द्यावं, असं मी लिहिलं आहे. पण एवढ्याने कुणी पटणार नाही, खऱ्या शब्दांची यादी लागेल. ती मी भंडारा जिल्ह्यातल्या गावांच्या, तलावांच्या आणि शेतांच्या नावांतून जमवतो आहे, विभक्तीसकट. कुणाकडे अशी नावं असतील तर ती सात-बाऱ्यावर किंवा जुन्या पावतीवर जशी आहेत तशीच हवीत, शुद्ध करून नकोत; आणि फाईलच असेल तर पुन्हा न टंकता मूळ फाईल द्यावी, कारण पुन्हा टंकलं की कोणती तऱ्हा वापरली होती तेच पुसलं जातं.