बाबांची फेवर ल्युबा

जुनी स्विस घड्याळं जमवणाऱ्यांमध्ये आपल्या शहराच्या नावाने एक शिवी चालते: 'मुंबई स्पेशल'. म्हणजे आत जुनं स्विस मशीन, वर इथे नव्याने रंगवलेली चकचकीत डायल. ऑनलाइन 'ओरिजिनल' म्हणून सर्रास विकतात. मीही साडेसात हजारांना फसलोय. रंगवण्यात गैर काही नाही हो. न सांगता विकणं ही फसवणूक. जाहिरातीत 'डायल रंगवलेली' एवढे दोन शब्द लिहायला काय जातं?

गेल्या महिन्यात बाबांची फेवर ल्युबा सी चीफ दुरुस्तीला नेली. घड्याळवाले काका म्हणाले, "डायल नवी करून देतो, डाग दिसणार नाही." क्षणभर मोह झाला. मग म्हटलं, नको, फक्त सर्व्हिसिंग करा. डाग तसाच आहे. दिवसाला चार मिनिटं मागे पडते, चालायचंच.