चौक म्हणजे सिनेमा नव्हे!

मैत्रिणींनो, चौकात बेफाम गाड्या घुसवणाऱ्यांच्या नावाने तुम्हीही रोज खडे फोडत असाल. मी तर फोडतेच! घरापासून आमची शाळा दोन किलोमीटर आणि वाटेत तीन चौक. पिवळा दिवा लागला की थांबायचं सोडून वेग वाढवणारे, डावीकडचा दिवा लुकलुकत ठेवून उजवीकडे वळणारे, मोबाईल मान वाकडी करून कानाशी धरणारे. एकेक नमुने! घरी आले की ह्यांच्यापुढे माझा पाढा सुरू. हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "झालं का आजचं?"

आज मात्र मी दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच तक्रार घेऊन तुमच्यापुढे आले आहे.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळची शाळा. सासूबाईंचं पथ्याचं खाणं, दोन डबे, लेकीची वेणी हे सगळं उरकता उरकता सात वाजायला दहा मिनिटं राहिली. लेक माझ्याच शाळेत चौथीत आहे. तिला मागे बसवलं नि स्कूटर काढली. तिचं हेल्मेट खुंटीवरच राहिलं. "जवळच तर जायचंय," असं मीच म्हटलं. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट हवं असा कायदा आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

आमच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागतो तिथे सिग्नल नाही. सिग्नल नसेल तिथे मोठ्या रस्त्यावरच्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, आणि दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला, असा नियम. पण मी तिथून वर्षानुवर्षं जाते आहे. सकाळी त्या वेळी उजवीकडून कधी चिटपाखरू येत नाही. म्हणून मी पाहिलंच नाही. सरळ वळले.

त्या दिवशी नेमका आला. मोटारसायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेला एक माणूस. त्याने करकचून ब्रेक दाबला, मीही दाबला. टक्कर झाली नाही, पण त्याची गाडी आडवी झाली आणि पांढरंशुभ्र दूध रस्ताभर पसरलं. लेकीची हनुवटी माझ्या पाठीवर आदळली. ओठ फुटला. त्याचं कोपर चांगलंच सोलवटलं होतं. मला वाटलं, आता हा चार शब्द सुनावणार. पण त्याने गाडी उभी केली, लेकीकडे पाहिलं नि एवढंच म्हणाला, "ताई, बघून चालवा की जरा. पोरगी हाय मागं."

अहो, त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या! दुधाचे पैसे मी दिले, पण मान वर करवेना. आणि कोपऱ्यावर आमच्या सहावीतला एक मुलगा दप्तर घेऊन उभा. आदल्याच आठवड्यात मी त्या वर्गाकडून 'रस्त्यावरील शिस्त' हा निबंध लिहून घेतला होता.

लेक दिवसभर गप्प होती. संध्याकाळी जेवेना. ह्यांनी मला एका शब्दाने टोकलं नाही, त्याचंच जास्त लागलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तो आपला सिनेमा लाव बघू."

आपला सिनेमा म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'. १९८८ साली तो आला तेव्हा मी पाळण्यात होते, पण आमच्या घरात तो किती वेळा पाहिला गेला याची गणती नाही. पुण्यात भाड्याने खोली हवी आणि लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार. मग दोन मित्रांनी साड्या नेसून सुधा आणि पार्वती व्हायचं! सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा तो बायकी ठसका, अशोक सराफांची सारवासारव, आणि पार्वतीचं डोहाळजेवण तर सासूबाईंच्या खास आवडीचं. लक्ष्मीकांत २००४ साली गेले, सुधीर जोशी २००५ साली. पण पडद्यावर घरमालक आणि भाडेकरू यांची जुंपली की आम्ही अजून पोट धरून हसतो.

त्या रात्री लेकही हसली. एवढंच नव्हे, प्रत्येक प्रसंगाच्या आधीच ओरडू लागली, "आजी, आता बघ, मालकीणबाई येणार!" तिचं हसू पाहताना माझ्या एकदम लक्षात आलं. हा सिनेमा म्हणजे एक चौकच की! या दारातून हा येतो, त्या दारातून ती. आता आदळणार, आता बिंग फुटणार, आणि केसभर अंतराने सगळं निभावतं. पन्नासाव्यांदा पाहतानाही मजा येते, कारण पुढे काय होणार ते आपल्याला पक्कं ठाऊक असतं. कोणी कधी दार उघडायचं ते लेखक वसंत सबनीस आणि दिग्दर्शक सचिन यांनी आधीच ठरवून ठेवलेलं आहे. आपण निर्धास्त.

आणि मी त्या सकाळी गाडी चालवत होते तीही अशीच, पन्नासाव्यांदा पाहिलेल्या सिनेमासारखी! "इथून कोणी येत नाही," हे मला पाठ होतं. पण रस्त्याचा लेखक कोण? दूधवाल्याचा प्रवेश कोणी लिहिला होता? मी हिशेब केला. ताशी तीस किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते. मान वळवून पाहायला तेवढाच एक सेकंद लागतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या कितीजणांना तो रस्ता पाठ असेल!

आता आमच्या घरात नवा शिरस्ता आहे. हेल्मेटं खुंटीवर नाहीत, स्कूटरच्या किल्लीशेजारी असतात. कोपऱ्यावर पाय टेकून थांबायचं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायचं. लेक मागून "रस्ता मोकळा!" असा पुकारा करते, तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहतेच. रात्री रस्ता रिकामा म्हणून लाल दिवा ओलांडायची ह्यांची सवयही सुटू लागली आहे. "चूक मी कबूल केली, आता तुम्ही करा," म्हटल्यावर काय बोलणार! सहावीच्या वर्गालाही मी सगळं सांगितलं. मुलं हसली नाहीत. कोपऱ्यावरचा तो मुलगा म्हणाला, "बाई, मी कुणाला सांगितलं नव्हतं."

परवा तो दूधवाला पुन्हा त्याच कोपऱ्यावर भेटला. मी थांबले होते, तोही थांबला. त्याने हाताने खूण केली, आधी तुम्ही. मी खूण केली, आधी तुम्ही. दोघंही हसलो. तो आधी गेला. हक्क त्याचाच होता.

तेव्हा मैत्रिणींनो, जुने विनोदी सिनेमे हवे तितक्या वेळा पाहा, संवाद तोंडपाठ करा. चौक मात्र रोज पहिल्यांदाच पाहायचा!