झाकणाखालचा वास

उटण्याची पुडी उघडली की चंदन, वाळा, नागरमोथा यांच्या मागून कधी कधी एक मातकट, जरासा उग्र वास येतो. तो जटामांसीचा. झोप न लागणाऱ्यांना संध्याकाळी घ्यायला मी हीच मुळी देतो आणि दर वेळी बजावतो, उकळू नका.

वैद्यकीच्या सुरुवातीला मी नुसतं "काढा करून घ्या" म्हणायचो. एक बाई आठवड्यानं आल्या. "वैद्यबुवा, घरभर वास सुटतो, पण झोपेचं काही खरं नाही." विचारलं तर रोज पाव तास रटरट उकळत होत्या. जटामांसीचं तेल उडून जाणारं. घरभर वास म्हणजे औषधच हवेत गेलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याहून वेगळा फांट सांगितलाय: एक भाग भरड, चार भाग गरम पाणी, मुरलं की गाळायचं. घरी इतका दाट नको. दोन ग्रॅम भरड, वर पेलाभर उकळतं पाणी आणि लगेच झाकण. दहा मिनिटांनी झाकण उचललं की आत जमलेले थेंब पेल्यातच पाडायचे. वास त्यांतही असतो.

हात आखडता ठेवायला आणखी एक कारण आहे. ही मुळी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवते, सावकाश वाढते आणि काढताना अख्खी उपटली जाते. आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. म्हणून लागवडीतला माल मिळाला तर मी दोन पैसे जास्त मोजतो. केसाळ, तांबूस-तपकिरी जटा बोटांत चुरगळली की वास यायलाच हवा. नाही आला तर माल परत.

तगरही झोपेसाठी वापरतात, पण अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर ती नव्हे. औषधातली तगर हिमालयातली, तिची मुळं वापरतात. नाव ऐकून कुंपणावरची फांदी कुणी आणू नये.

जायफळ मात्र आपल्या कोकणातलं, घरोघरचं. बाळगुटीत आजी वेढे मोजायची, तेच मोठ्यांसाठीही खरं. सहाणेवर चार-पाच वेढे, कोमट दुधात, बस. चमचाभर पूड घेतली तर छातीत धडधड होते, माणूस भ्रमतो.

झोपेची गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर यातलं काहीही आधी विचारल्याशिवाय नको.

त्या बाई अजून येतात. दिवेलागणीला पाणी ठेवतात, पेला झाकतात आणि तेवढ्या दहा मिनिटांत त्यांचे यजमान काशाच्या वाटीनं त्यांच्या तळपायांना तूप चोळतात. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं. आता मी इतरांनाही तसंच सांगतो.